ठाणे खाडी: लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

माझं बालपण ठाणे पूर्वेला, कोपरीत गेलं. आता मी ऐरोलीत राहतो. म्हणजे एवढी वर्षं खाडीच्या या नाहीतर त्या काठावरच काढली. सुट्टीच्या दिवशी मी लोकांना खाडीकाठी फिरवून आणतो. घरी पोहोचल्यावर त्यांचे प्रश्न येतात, आणि बहुतेकदा तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात गुंतलं असेल तिथे क्रमांक दिला आहे, तो पाहावा.

१. ठाणे खाडी नेमकी कुठून कुठपर्यंत?

उत्तरेला ठाणे शहर, दक्षिणेला मुंबई बंदराचं मोकळं पाणी, आणि यांच्या मधला सुमारे २६ किलोमीटरचा पट्टा म्हणजे ठाणे खाडी. पश्चिम काठावर कोपरी, मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी, मानखुर्द आणि तुर्भ्याची टेकडी येते. पूर्व काठावर विटावा, दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, करावे आणि दिवाळे ही गावं आहेत. ठाण्यात कळव्याच्या पुलावर उभं राहिलं तर खाडी एखाद्या नदीएवढी अरुंद वाटते. वाशीला मात्र पुलाची लांबीच सुमारे १.८ किलोमीटर आहे. त्याच्याही खाली पाणी पसरत जातं आणि घारापुरीच्या बेटापाशी ते बंदरात मिसळून जातं.

२. ही नदी आहे की खाडी? पाणी तर दोन्ही दिशांना वाहताना दिसतं.

ही खाडीच आहे, आणि पाणी दोन्ही दिशांना वाहतं हाच त्याचा पुरावा. नदीचं पाणी एकाच दिशेला जातं. इथे साधारण सहा तास समुद्र आत येतो आणि पुढचे सहा तास बाहेर जातो. ठाणे खाडीच्या डोक्याशी तिला पोसणारी मोठी नदी नाही. पारसिकचा डोंगर, मुलुंड-भांडुपच्या टेकड्या आणि दोन्ही काठांवरची शहरं यांच्याकडून येणारे नाले-ओढे, एवढंच तिचं गोडं पाणी. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर खाडीत दिसतं ते जवळजवळ सगळं समुद्राचं पाणी असतं.

३. मग वसईची खाडी, घोडबंदरची खाडी आणि ठाणे खाडी एकच का?

एक नाहीत, पण जोडलेल्या आहेत. घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उल्हास नदी कल्याण-डोंबिवलीकडून येते आणि ठाण्याच्या उत्तरेला वळते. बाळकूम, कोलशेत, नागला बंदर, घोडबंदर असं करत ती वसई आणि उत्तन यांच्या मधून अरबी समुद्राला मिळते. या शेवटच्या रुंद भागाला कुणी वसईची खाडी म्हणतं, कुणी घोडबंदरची. ठाणे खाडीचं वरचं अरुंद टोक साकेत-खारेगावच्या बाजूला या उल्हासच्या पाण्याला जाऊन भिडतं. त्यामुळे साष्टी, म्हणजे वांद्रे-अंधेरीपासून ठाणे-मीरा रोडपर्यंतचा सगळा भाग, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला आहे. ठाणे स्टेशनला उतरणारा माणूस बेटावर उतरतो. विटाव्याला जायचं तर बेट सोडावं लागतं.

भरती दोन्ही तोंडांनी आत शिरते, एक वसईकडून आणि एक मुंबई बंदराकडून. ठाण्याच्या आसपास दोन्ही पाण्यांचा जोर ओसरतो आणि गाळ खाली बसतो. ठाण्याचं बंदर पुढे का मागे पडलं याचं निदान अर्धं उत्तर यात आहे (प्रश्न ६ पाहा).

४. तुर्भे खाडीच्या या बाजूला की त्या बाजूला? आणि जुहू गाव वाशीत कसं?

तुर्भे दोन आहेत. इंग्रजीत ज्याला ट्रॉम्बे म्हणतात ते मुंबईकडचं तुर्भे, आणि मार्केट यार्डाजवळचं नवी मुंबईतलं तुर्भे वेगळं. वाशीजवळच्या जुहू गावाचा पार्ल्याच्या चौपाटीशी संबंध नाही. दिवा गाव ऐरोलीत आहे, दिवा जंक्शन मुंब्र्याच्या पुढे. कोपरीही ठाण्यात एक आणि नवी मुंबईत एक. जुने कागद किंवा सातबारा वाचताना तालुका पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

५. भरती-ओहोटीची वेळ मोबाईलशिवाय कशी ओळखायची?

कोळीवाड्यातली जुनी रीत आहे, तिथीला पाऊण पट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊण पट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती पूर्ण. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा सुरू करायची. भरती भरल्यावर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ गाठला जातो.

हिशेब जमतो याचं कारण चंद्र. तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. तिथीमागे पाऊण तास धरला की अंदाज बरोबर बसतो. हा अंदाज मुंबई बंदराचा आहे. पाण्याला खाडीतून वर चढायला वेळ लागत असल्याने ठाण्याच्या टोकाला भरती थोडी उशिरा भरते.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे येतं ते उधाण. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. मुंबईत उधाणाच्या मोठ्या भरत्या साडेचार मीटरच्या वर जातात. अष्टमीच्या आसपासचा तो भांग. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. खाडीवर जाळं टाकणाऱ्याचा सगळा महिना या दोन शब्दांवर बेतलेला असतो. माझ्या मते शाळेत भूगोलाच्या तासाला ठाणे-नवी मुंबईच्या मुलांना हे आधी शिकवायला हवं, कारण पुढे येणारा पुराचा, पक्ष्यांचा आणि मासळीचा प्रत्येक प्रश्न इथूनच सुटतो.

६. ठाणे खरंच मोठं बंदर होतं का?

होतं, आणि फार जुनं. बलाझुरी या अरब इतिहासकाराने नोंदवलंय की सातव्या शतकात, खलिफा उमरच्या काळात, अरबांच्या गलबतांनी ठाण्यावर स्वारी केली होती. लुटायला समुद्र ओलांडून कुणी येतं, तर तिथे लुटण्याजोगं काही असतं.

उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळात हे गाव श्रीस्थानक म्हणून ओळखलं जाई. शिलाहार राजा अनंतदेवाच्या शके १०१६, म्हणजे इ. स. १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात जहाजांवरच्या जकातीच्या माफीचा उल्लेख आहे. त्यात स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली ही बंदरं येतात. शूर्पारक म्हणजे नालासोपारा, चेमुली म्हणजे चौल. आपल्या गावाचं नाव जकातीच्या सनदेत नऊशे वर्षांपूर्वी आलं आहे, ही गोष्ट मला कुठल्याही दंतकथेपेक्षा मोलाची वाटते. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला, असं यादवांच्या बाजूची साधनं सांगतात. त्याच शतकाच्या अखेरीला मार्को पोलोने ठाण्याच्या व्यापाराचं वर्णन केलं. कमावलेलं कातडं आणि सुती कापड इथून जायचं, आणि बाहेरून घोडे यायचे.

पुढे दोन गोष्टी घडल्या. एक गाळ, तो वर सांगितला. दुसरी म्हणजे इंग्रजांची मुंबई. मोठ्या जहाजांना लागणारं खोल पाणी खाडीच्या तोंडाशी होतं, डोक्याशी नव्हतं.

७. ठाण्याचा किल्ला कुठे गेला?

कुठेही गेला नाही. ठाणे मध्यवर्ती कारागृह आहे तोच किल्ला. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला, त्यात हा भागही गेला. खाडीकाठचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला. काम पुरं व्हायच्या आत, मार्च १७३७ मध्ये, मराठे खाडी ओलांडून आले आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं घेतलं. वसई पडायला मे १७३९ उजाडला. इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्ये ठाणे घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली.

पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच तुरुंगात होते, आणि सप्टेंबर १८१६ मध्ये इथूनच निसटले. कारागृह चालू असल्यामुळे आत फिरता येत नाही. तटबंदी मात्र रस्त्यावरून दिसते.

८. पहिली रेल्वे ठाण्यालाच का थांबली? आणि खाडीवर पूल कोणकोणते?

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ३४ किलोमीटर धावून ठाण्याला थांबली. नकाशा समोर ठेवला तर दिसतं की जमीनच तिथे संपत होती (प्रश्न ३). खाडी ओलांडून गाडी कल्याणला पोहोचली ती १ मे १८५४ ला. पारसिकच्या डोंगरातला बोगदा त्यानंतर खूप उशिरा, १९१६ मध्ये, वापरात आला.

खालच्या अंगाला मात्र पुढची शंभरएक वर्षं खाडी होडीनेच ओलांडत. वाशीचा पहिला पूल १९७३ चा, दुसरा १९९७ चा. तिसऱ्याच्या दोन बाजू अलीकडे, २०२४ आणि २०२५ मध्ये, खुल्या झाल्या. मानखुर्द-वाशी लोकल मे १९९२ मध्ये सुरू झाली, मुलुंड-ऐरोली पूल १९९९ मध्ये आणि ठाण्याहून विटाव्यावरून जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल नोव्हेंबर २००४ मध्ये. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला २१.८ किलोमीटरचा अटल सेतू शिवडीहून न्हावा-शेव्याकडे जातो, तो खाडीच्या तोंडावरचा.

९. नवी मुंबई खाडी बुजवून बांधली, हे खरं का?

अर्धं खरं. सिडकोची स्थापना मार्च १९७० ची. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेण्यात आली. त्या जमिनीला 'ओसाड खारजमीन' म्हणण्याची पद्धत पडली आहे. ओसाड ती कधीच नव्हती. तिथे मिठागरं होती, खारी भातशेती होती, बावखळं, म्हणजे पाण्याची छोटी तळी होती आणि गावठाणं होती. आगरी हे नावच आगराशी, म्हणजे मिठागराशी जोडलेलं आहे. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलन झालं आणि गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले.

खारी शेती कशी चालायची ते समजून घ्या, कारण पुढचा प्रश्न त्यावरच उभा आहे. भरतीच्या पातळीच्या खाली असलेली जमीन माती-दगडाचा बांध घालून समुद्रापासून तोडायची. बांधाला जागोजागी उघाडी ठेवायची. उघाडी म्हणजे झडपेचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की दार आपोआप मिटतं. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, तर सगळा गाव टोपल्या घेऊन धावे. एका रात्रीचं खारं पाणी शेतात शिरलं तर पुढची काही वर्षं भात धड येत नसे.

नव्या शहराने ही जमीन काही ठिकाणी भराव घालून उंच केली, आणि काही ठिकाणी खालीच ठेवून तिच्यावर वसाहत उभी केली. म्हणून उत्तर अर्धं खरं. पाण्याचा भाग कमी बुजवला गेला. पाणी आणि जमीन यांच्या मधली जी पट्टी होती, ती जवळजवळ सगळी गेली.

१०. आमच्या सेक्टरमध्ये भरतीच्या वेळी पाऊस पडला की पाणी तुंबतं. महापालिका पंप का लावत नाही?

पंप लागतात, पण मूळ व्यवस्था पंपाची नाही. ती होल्डिंग पाँडची, म्हणजे धारण तलावांची आहे. वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर या भागांत खाडीच्या कडेला असे तलाव आहेत. शहराचे नाले त्यांत येतात आणि तलावाच्या तोंडाशी झडपेची दारं असतात. भरतीला दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला ते खाडीत निघून जातं. ही रचना हॉलंडच्या धर्तीवर केल्याचं सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण प्रश्न ९ मधली उघाडी आठवा. इथला आगरी शेतकरी तीच गोष्ट कितीतरी आधीपासून करत होता.

आता अडचण अशी की तलाव गाळाने भरले. गाळावर तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, उगवली. तिवरं कायद्याने संरक्षित असल्यामुळे (प्रश्न १६) गाळ काढायला न्यायालयाची परवानगी लागते. गाळ असेल तर तलावात पाणी कमी मावतं, आणि उधाणाच्या भरतीला जोराचा पाऊस आला की ते रस्त्यावर येतं. उधाणाचे दिवस पंचांगात आधीच कळतात, तेव्हा पावसाळ्यात त्या तारखा भिंतीवर लिहून ठेवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणि बेसमेंटमध्ये गाडी लावणाऱ्यांनी तर नक्कीच.

११. २६ जुलै २००५ ला मिठी नदीचं पाणी ठाणे खाडीत गेलं असतं तर मुंबई वाचली असती का?

मिठी ठाणे खाडीला मिळतच नाही. ती माहीमच्या खाडीतून पश्चिमेला अरबी समुद्रात जाते. मधे साष्टीच्या टेकड्या आहेत. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढं पाणी कुठल्याही एका खाडीने झटकन ओढून नेलं नसतं, भरतीच्या वेळी तर नाहीच.

१२. खाडीला वास का येतो? नेहमीच यायचा का?

वास दोन आहेत, आणि लोक ते एकत्र करतात. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाला कुजक्या अंड्यासारखा हलका वास येतो. चिखलाच्या आत प्राणवायू नसतो, तिथे पालापाचोळा कुजताना गंधकाचा वायू तयार होतो. हा वास कुठल्याही निरोगी खाडीला असतो, त्याला नाक मुरडू नये.

दुसरा वास सांडपाण्याचा आणि रसायनांचा. साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले. समोरच्या काठावर तुर्भे-माहुलला तेल आणि रसायनांचे कारखाने होतेच. देवनारची कचराभूमी १९२७ पासून खाडीच्या कडेलाच आहे. दोन्ही काठांवर लोकवस्ती वाढली आणि तिचं पाणी पुरतं शुद्ध न होताच नाल्यांतून उतरत राहिलं. वरच्या भागात खाडी अरुंद असल्याने समुद्राच्या पाण्याने होणारी धुलाई तिथे कमी होते, म्हणून ठाणे-ऐरोलीकडे त्रास जास्त जाणवतो. लहानपणी मीठबंदरावर दिसायचे तेवढे बोय मासे आता दिसत नाहीत. त्याचं मला फार वाईट वाटतं.

१३. फ्लेमिंगो इथे कधीपासून येतात, आणि का?

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात शिवडीच्या चिखलावर त्यांचे मोठे थवे नियमित दिसू लागले. पुढे ते खाडीत वर सरकत भांडुप-ऐरोलीपर्यंत आले. मराठीत त्यांना रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. इथे मोठा आणि छोटा अशा दोन्ही जाती येतात, त्यांत संख्येने छोट्यांचा भरणा जास्त. बहुतेक पक्षी गुजरातकडून, कच्छ-सौराष्ट्राच्या बाजूने येतात. पायाला-पाठीला उपकरण लावलेल्या पक्ष्यांच्या प्रवासावरूनही ते दिसलं आहे.

ते येतात खायला. छोट्या रोहिताचं मुख्य अन्न निळं-हिरवं शेवाळ. सांडपाण्याबरोबर येणाऱ्या पोषक द्रव्यांवर हे शेवाळ फोफावतं, असं अभ्यासक सांगतात. म्हणून 'फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली' हा निष्कर्ष काढू नका. करडे पक्षी दिसले तर ती वेगळी जात नव्हे, ती पिल्लं. शेवाळ खाऊन खाऊन गुलाबी रंग चढायला त्यांना काही वर्षं लागतात.

१४. बघायला कधी जावं? आम्ही दोनदा गेलो, एकही दिसला नाही.

महिना बरोबर निवडला असेल, तास चुकला असणार. नोव्हेंबर ते मे हा हंगाम, त्यातले फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पक्षी खाडीत पसरून खातात. भरतीला चिखल बुडाला की ते विश्रांतीला नवी मुंबईच्या काठावरच्या पाणथळींवर जातात, म्हणजे नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला. ऐरोलीला वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून बोट निघते ती भरती-ओहोटीच्या मधल्या वेळात, कारण बोटीला पाणी लागतं आणि पक्ष्याला चिखल. निघण्यापूर्वी प्रश्न ५ मधला हिशेब करा.

१५. सीवूड्सचं तळं अभयारण्यात येतं ना? मग त्यावर वाद का?

येत नाही, आणि वादाचं मूळ तेच. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर, आणि ते खाडीच्या पश्चिम बाजूला, ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या मधे आहे. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये अभयारण्य आणि भोवतालचा संवेदनशील पट्टा मिळून सुमारे ६५२१ हेक्टरला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर महाराष्ट्रातली ही तिसरी रामसर जागा.

नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी वाशी पुलाच्या खाली आणि समोरच्या काठावर, म्हणजे अभयारण्याच्या रेषेबाहेर. पण पक्षी रेषा पाहून उडत नाही. जेवायची जागा राखली आणि निजायची जागा गेली, तर तो इथे टिकणार नाही. २०२४ मध्ये भरतीचं पाणी आत येण्याची वाट बुजल्याने सीवूड्सचं तळं कोरडं पडलं, तेव्हा बावरलेले पक्षी रस्त्यांवर उतरलेले लोकांनी पाहिले. त्याच वर्षी मे महिन्यात घाटकोपरला विमानाची धडक बसून तिसाहून जास्त पक्षी मेले. पाणथळीत पाणी येण्याची वाट उघडी ठेवणं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी करायचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

१६. आमच्या सोसायटीच्या मागची खारफुटी खाजगी जमिनीवर आहे. ती छाटता येईल का?

नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये राज्यभर खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. जमीन सरकारी असो वा खाजगी, बंदी लागू आहे, आणि खारफुटीभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम चालत नाही. फांद्या छाटणं, मुळांवर डेब्रिज टाकणं, बांध घालून भरतीचं पाणी तोडणं, हे सगळं तोडीतच मोडतं. तिसरा प्रकार सर्वांत फसवा. पाणी तुटलं की झाडं उभ्या उभ्या वाळतात आणि कुऱ्हाड कुणाच्याच हातात दिसत नाही. रात्री डंपर रिकामा होताना दिसला तर फोटो, वेळ आणि जागा टिपून कांदळवन कक्षाकडे आणि तहसीलदाराकडे लेखी तक्रार द्या.

सार्वजनिक कामाला, उदाहरणार्थ पूल किंवा वीजवाहिनीला, न्यायालयाच्या परवानगीने अपवाद होतो. सोसायटीच्या पार्किंगला होत नाही.

१७. तिवर, चिपी, कांदळ कसे ओळखायचे?

चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी बारीक मुळं वर आलेली दिसली तर तिवर. पानाला जीभ लावा, खारट लागेल. झाड नको असलेलं मीठ पानातून बाहेर टाकतं. ठाणे खाडीत सर्वांत जास्त झाडं याचीच. मुळं जाड आणि सुळक्यासारखी, फूल पांढरं आणि फळ गोल चपटं असेल तर पांढरी चिपी. २०२० पासून हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. खोडातून कमानीसारखी मुळं चिखलात उतरली असतील आणि झाडावरच शेंगेसारखी रोपं लोंबत असतील, तर कांदळ. काटेरी पानांचं, जांभळ्या फुलांचं झुडूप म्हणजे मारांडी.

१८. खारफुटी वाढतेय ही चांगलीच बातमी ना?

बहुतेक वेळा हो, पण नेहमीच नाही. गाळ वाढला की उघड्या चिखलावर तिवरं पसरतात, आणि तेवढी रोहिताची खायची जागा कमी होते. रोहिताला आणि उत्तरेकडून येणाऱ्या चिखलपक्ष्यांना मोकळा चिखल लागतो, झाडी नको असते. म्हणून उघड्या चिखलावर हौसेने रोपं लावण्याच्या कार्यक्रमांना मी जात नाही. जिथे झाडी तुटली होती तिथे ती पुन्हा लावणं वेगळं. याचा अर्थ असलेली खारफुटी तोडावी असा मात्र कुणी काढू नये.

१९. खाडीत अजून मासेमारी होते का? अभयारण्यात चालते का?

होते. ठाण्याच्या चेंदणीपासून दिवाळ्यापर्यंत कोळीवाडे आहेत. पाग, डोल, पगोळी ही जाळ्यांची नावं; पाग फेकणारे, डोल लावणारे, चिंबोऱ्यांना पगोळी सोडणारे लोक आजही दिसतात, आणि ओहोटीला चिखलात उतरून कालवं, खुबे, निवट्या गोळा करणाऱ्या बायाही. जिताडा मिळाला तर त्या दिवशी घरात सण असतो. सागरी अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या उपजीविकेचं रक्षण करण्याची तरतूद वन्यजीव कायद्यातच आहे. १ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक नौकांना आहे, हाताने वल्हवायच्या होडीला नाही.

२०. खाडीतली मासळी खावी का?

कुठली आणि कुठली जागा, यावर आहे. कालवं-शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यातली घाण आणि जड धातू त्यांच्या अंगात साठतात. नाल्याच्या तोंडाजवळचे ते खाऊ नयेत. खाडीच्या तोंडाकडचा फिरता मासा त्या मानाने बरा. मी विकत घेताना कोळिणीला थेट विचारतो, 'मावशी, कुठल्या पाण्यातली?' आणि ती खरं सांगते. भांगाचे दिवस असतील तर म्हणते, 'आज पाणीच नाय चढला, उधाणाला ये.'